घरचा पाव का फसतो?

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस गावातल्या बेकरीसमोर पत्र्याच्या डब्यांची रांग लागत असे. डब्यात रवा, मैदा, पिठीसाखर आणि कढवलेले तूप. बेकरीवाला ते कालवून, छाप मारून, पत्र्यावर मांडून भट्टीत सरकवी आणि तासाभराने त्याच डब्यातून गरम नानकटाई घेऊन मंडळी घरी परतत. मजुरी काय ती किलोमागे द्यायची. आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना हा प्रसंग आठवत असेल. साहित्य घरचे, हात बेकरीवाल्याचा आणि आग भट्टीची, अशी ही विभागणी होती. कारण उघड आहे. आपल्या स्वयंपाकघरात चूल होती, शेगडी होती, पुढे स्टोव्ह आणि गॅस आला. पण चहूबाजूंनी सारखी आच देणारी बंदिस्त पेटी कधीच नव्हती. तव्यावर होणारे, उकडून होणारे आणि तळून होणारे, एवढ्या तीन वाटांनी आपला सारा स्वयंपाक चालला. भाजून फुगणारा पाव हा त्यामुळे कायम बाहेरचा पदार्थ राहिला.

बाहेरचा म्हणजे केवळ दुकानातला नव्हे. 'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आजही छातीठोकपणे सांगितली जाते. तिला आधार नाही. मात्र असली व्युत्पत्ती खपावी इतका या पदार्थाविषयीचा संशय जुना होता. परधर्मीयाच्या हातचे पाणी लागलेले, आंबवलेले पीठ खाणे म्हणजे बाटणे, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही ठाम होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे उघड केली आणि त्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ज्या पुण्यात बिस्किटांवरून एवढे ग्रामण्य झाले, त्याच पुण्याची आजची ओळख सांगताना लोक बेकरीतल्या बिस्किटांचे नाव आधी घेतात, हा काळाचा महिमा.

गोव्यात हा प्रवास निराळा झाला. तेथे पदेर, म्हणजे पाव करणारा आणि घरोघर पोचवणारा माणूस, गावगाड्याचाच भाग झाला. पोर्तुगिजांना त्यांच्या देशातले खमीर येथे मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबवले जाऊ लागले. ताज्या सुरेत नैसर्गिक खमीर भरपूर असते, त्यामुळे ही तडजोड न राहता चवीची खूण ठरली. सासष्टीतील माजोर्डे गावाकडे या विद्येचे मूळ सांगितले जाते. आजही सकाळी आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत पदेर येतो. त्याच्या टोपलीत मऊ पाव असतो, कात्रे असतात, कोंड्यात घोळवलेली पोकळ पोई असते, बांगडीच्या आकाराची कडक काकणे असतात आणि गोल, कडक कवचाचा उंडो असतो. आता सुरेऐवजी बहुतेक ठिकाणी तयार यीस्टच वापरले जाते, पण पदेर आहे तोवर गोवेकराला घरी पाव भाजण्याची गरज वाटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जेथे भट्टी दाराशी येते, तेथे पाव घरात कोणी करत नाही.

महाराष्ट्रात घरी पाव करण्याची लाट आली ती २०२०च्या टाळेबंदीत. बेकऱ्या बंद, हाताशी वेळ आणि समोर भ्रमणध्वनीवरच्या पाककृती. त्या काही महिन्यांत किराणा दुकानांतून यीस्ट नाहीसे झाले होते, हे अनेकांना आठवत असेल. नंतर काय झाले, तेही आपण जाणतोच. कित्येक घरांतील ओव्हन आज फरसाणाचे डबे ठेवण्याच्या कामी येतो. 'आमच्याकडे पाव काही होत नाही, दगड होतो', हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यामागे हाताचा दोष नसून माहितीची उणीव असावी, अशी माझी खात्री झाली आहे. पाककृती प्रमाण सांगते, कारण सांगत नाही. आणि पाव हा कारणांवर चालणारा पदार्थ आहे.

पहिले कारण पिठात आहे. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी लागले आणि पीठ मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचे चिवट, लवचीक जाळे तयार होते. खमिराने सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुग्यासारखे फुगते. ज्वारी-बाजरी-नाचणीत हे जाळे बनत नाही. म्हणूनच भाकरीला उकळते पाणी घालावे लागते. त्या पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि पीठ थापण्याइतपत एकजीव होते. भाकरी तव्यावर फुगते ती क्षणभराच्या वाफेने. नाचणीचा पाव करायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एकूण पिठाच्या चौथाईपर्यंत नाचणी खपून जाते, त्यापुढे पाव बसू लागतो.

हे जाळे तयार झाले की नाही, ते ओळखण्यासाठी परदेशी पुस्तके पिठाचा पातळ पडदा ताणून पाहायला सांगतात. ज्या घरात पुरणपोळी होते त्या घराला हे शिकवण्याचे कारण नाही. पुरणपोळीची कणीक आपण सैल भिजवतो, तेलाचा हात लावून तिंबतो आणि ओढली असता न तुटता लांबत जाईल अशी करतो. पावाचे पीठ हवे ते जवळपास याच जातीचे. चूक होते ती पीठ चपातीच्या अंदाजाने घट्ट मळल्याने. घट्ट पिठाला फुगण्याची मुभाच मिळत नाही. सुरुवातीला हाताला चिकटणारे पीठ पाहून घाबरून वरून मैदा भुरभुरणे हा घरच्या पावाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दहा-बारा मिनिटे नेटाने मळले की तेच पीठ हात सोडते. तेवढा धीर नसेल तर पीठ नुसते कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. कणीक मुरली की मऊ होते, हा आपल्या आज्यांचा अनुभव येथेही तितकाच खरा ठरतो, कारण मुरताना ते जाळे आपोआप जुळू लागते.

दुसरे कारण खमिरात. यीस्ट ही सजीव, एकपेशीय बुरशी आहे, बेकिंग पावडरसारखे रसायन नव्हे. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थोडे मद्यार्क तयार करते; पावाचा खमंग वास बराचसा या क्रियेचा. सजीव असल्यामुळे तिला मारणेही सोपे आहे. माझा पहिला पाव असाच मेला. यीस्ट 'गरम दुधात' विरघळवा, असे वाचले होते; मी दूध चहाइतके गरम घेतले. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसला यीस्ट मरते. दोन तास वाट पाहून पीठ जेथल्या तेथे. तरीही मी ते भाजले, आणि जे निघाले त्याने वरवंट्याचे काम झाले असते. दुसऱ्या खेपेला दूध कोमट होते, पण यीस्टची पुडी उघडून कितीतरी महिने झाले होते. तेव्हापासून पहिली दहा मिनिटे परीक्षेची ठेवतो. बोटाला जेमतेम ऊब लागेल अशा पाण्यात, म्हणजे ३८ ते ४० अंशांच्या, चमचाभर साखर आणि यीस्ट घालायचे. दहा मिनिटांत वर फेस आला तर पुढे जायचे, नाही तर तेथेच थांबायचे. मैदा तरी वाचतो.

फेस आला तरी घड्याळावर विसंबून चालत नाही. 'एक तास फुगू द्या', हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्या गावचे हवामान आपल्याला ठाऊक नसते. विदर्भातल्या मे महिन्यात पीठ पाऊण तासाच्या आत दुप्पट होते आणि आणखी ठेवले तर आंबट होऊन बसते. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तेच पीठ दोन-अडीच तास घेते. इडलीचे पीठ थंडीत दुलईत गुंडाळून ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून शेजारी पिठाचे भांडे ठेवले की थंडीचा प्रश्न सुटतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पीठ आधीच पिऊन बसलेले असते, तेव्हा पाणी दोन-तीन चमचे कमीच घालावे. पीठ तयार झाल्याची खूण एकच: बोट हलकेच दाबले असता खळगा सावकाश आणि अर्धवट भरून यावा. झटकन भरला तर वेळ आहे. मुळीच भरला नाही तर वेळ टळून गेली.

लादी पावाचे प्रमाण आता सांगतो. अर्धा किलो मैदा, निम्मे दूध व निम्मे पाणी मिळून ३२५ मिलिलिटर, सहा ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट (साधारण दोन चहाचे चमचे), २० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम लोणी आणि नऊ ग्रॅम मीठ. मीठ विसरू नये. ते केवळ चवीसाठी नसते. खमिराला लगाम घालते आणि ग्लुटेनचे जाळे घट्ट करते. बिनमिठाचे पीठ धावत सुटते आणि भट्टीत ढासळते. लोणी मात्र अर्धे मळून झाल्यावर घालावे, आधी घातल्यास ते जाळे जुळण्याच्या आड येते. पीठ दुप्पट झाले की हलक्या हाताने हवा काढून ५५-५५ ग्रॅमचे सोळा उंडे करायचे. उंडा वळताना त्याची वरची कातडी ताणली गेली पाहिजे, सगळी शिवण खाली. हे उंडे नऊ इंची चौकोनी पत्र्यात चार-चारच्या ओळींत, मध्ये बोटभर फट ठेवून मांडायचे. फुगून ते एकमेकांना टेकतात, म्हणूनच लादी पावाच्या कडा मऊ, पांढऱ्या आणि ओढल्यावर सुटणाऱ्या असतात. दुसऱ्यांदा फुगायला पाऊण तास. मग २०० अंशांवर वीस ते बावीस मिनिटे. बाहेर काढल्याबरोबर वरून लोणी फिरवून ओल्या पंचाने पाच मिनिटे झाकावे.

येथे ओव्हनचा विषय येतो. बेकरीची भट्टी म्हणजे विटांचे जाडजूड पोट. तासन् तास जाळ घालून त्या विटा तापवलेल्या असतात. दार उघडले, गार पत्रे आत गेले, तरी विटांतली उष्णता हटत नाही. पिठाला पहिल्या पाच मिनिटांत जो जबर ताव मिळतो, त्यात वायू प्रसरण पावतो, खमीर मरण्यापूर्वी एकदा जोर करते आणि पाव उसळी घेतो. घरचा छोटा ओव्हन पातळ पत्र्याचा असतो. दार उघडताच त्यातली निम्मी उष्णता निघून जाते. म्हणून तो किमान वीस मिनिटे आधी तापवायचा, आणि पहिली पंधरा मिनिटे दाराला हात लावायचा नाही. कडक कवच हवे असेल तर तळाशी तापलेल्या ताटलीत अर्धी वाटी पाणी ओतावे. वाफेमुळे वरची कातडी लवकर सुकत नाही आणि पाव पुरता फुगतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, वर कडे ठेवून, शिट्टी आणि झाकणाचे रबर दोन्ही काढून पाव भाजता येतो. रबर व शिट्टी काढणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, त्यात तडजोड नको. कुकरमधल्या पावाला वरून रंग येत नाही. तो हवाच असेल तर शेवटी तव्यावर पालथा करावा. मायक्रोवेव्हच्या साध्या लहरींवर मात्र पाव करण्याच्या भानगडीत पडू नये.

एवढे करून घरचा लादी पाव बेकरीच्या तोडीचा होतो का? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, होत नाही. चांगला होतो, पण तो भट्टीचा धुरकट वास आणि तो हलकेपणा येत नाही. वडापावासाठी सोळा पाव करण्यात तीन तास घालवणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही. कोपऱ्यावर भट्टी असताना तर नाहीच. घरच्या मेहनतीचे चीज होते ते गव्हाच्या पावात. कारण तो बाजारात मिळणे कठीण.

'ब्राऊन ब्रेड' म्हणून जे मिळते, त्याचे वेष्टन उलटून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे, त्याला सौम्य शब्दांत 'परिष्कृत गव्हाचे पीठ' म्हटलेले, आणि खाली कॅरॅमल हा रंग, असे आढळले तर तो तपकिरी रंग कोंड्याचा नव्हे हे समजावे. मधुमेहामुळे पांढरा ब्रेड सोडून घरातली वडीलधारी माणसे भरवशाने हा ब्रेड खातात, तेव्हा ही फसगत निव्वळ चवीपुरती राहत नाही. यादीत आणखी एका नावाचा इतिहास आहे. पीठ सुधारण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगकारक असू शकते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९मध्येच केले होते. २०१६च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातील पाव-ब्रेडच्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटच्या वापरावर बंदी घातली. वेष्टन असलेल्या ब्रेडची यादी तरी वाचता येते. सुट्या पावाला यादीच नसते.

गव्हाचा पाव करताना चक्कीवरच्या पिठाचा स्वभाव ओळखावा लागतो. जात्याच्या दगडांत दळताना स्टार्चचे कण चिरडले जातात आणि असे पीठ पाणी अधिक पिते. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. पावात मात्र तेच पीठ थोडे चिकट होते, शिवाय कोंड्याचे धारदार तुकडे ग्लुटेनच्या जाळ्याला भोके पाडतात. यावर उपाय पाण्याचा आणि वेळेचा. अर्धा किलो कणकेला ३७५ ते ४०० मिलिलिटर पाणी घालून, यीस्टपूर्वी पाऊण तास मुरू द्यावे. कोंडा भिजून नरम होतो. प्रथम करणाऱ्याने निम्मा मैदा घ्यावा आणि हात बसला की तो कमी करत न्यावा. गहूही निवडावा लागतो. लोकवन किंवा सिहोरकडचा सरबती चालतो. खपली गव्हाची पोळी आणि खीर उत्तम, पण त्याचे ग्लुटेन दुबळे असते. निव्वळ खपलीचा पाव उभा राहत नाही. हा पाव मैद्याइतका फुगणार नाही, कापल्यावर भोके बारीक दिसतील. तो बिघाड समजू नये, गव्हाचा पाव असाच असतो.

भट्टीविषयी जे वर लिहिले, त्याला एक दुसरी बाजू आहे. मुंबईच्या हवेचा प्रश्न सुनावणीस असताना जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. भट्ट्यांत पुष्कळदा मोडीत निघालेल्या फर्निचरचे, रंग लावलेले लाकूड जाळले जाते, आणि त्याचा धूर वस्तीतच राहतो, हे नाकारता येत नाही. बेकरीवाल्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे: विटांची भट्टी पाडून गॅसची किंवा विजेची यंत्रे बसवण्याचा खर्च मोठा, जागा अपुरी, आणि पावाची किंमत रुपयाने वाढवली तरी गिऱ्हाईक कुरकुरते. वडापाव, मिसळ, पावभाजी, ऑम्लेट-पाव यांवर ज्यांचे दुपारचे पोट चालते त्यांना त्या रुपयाचा हिशेब करावा लागतो. माझ्या मते धूर थांबायलाच हवा, परंतु भट्टी बदलण्याचा भार एकट्या बेकरीवर टाकला तर लहान बेकऱ्या मिटतील आणि कारखान्याचा, वेष्टनातला पाव तेवढा उरेल. चवीपेक्षाही, शिजवणाऱ्या माणसाला ओळखून घेतलेला ताजा पाव हातचा जाईल.

घरचा पाव टिकवण्याबाबत दोन शब्द. त्यात परिरक्षक नसल्याने तो आपल्या हवेत दोन दिवसांपेक्षा अधिक राहत नाही. तो फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय मात्र चुकीची आहे. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्याने नव्हे. भाजताना फुललेला स्टार्च पुन्हा घट्ट स्फटिकरूप घेऊ लागतो आणि ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने घडते. दोन दिवसांचा पाव बाहेर कापडात गुंडाळून डब्यात ठेवावा, उरलेला कापून थेट फ्रीझरमध्ये. तव्यावर गरम केला की स्टार्च पुन्हा सैल होतो आणि पाव मऊ लागतो, खायच्या वेळेपुरता. दमट उन्हाळ्यात कधीकधी पाव मधोमध चिकट होतो, तुकडा मोडता बारीक तंतू ओढले जातात आणि पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो. ही भाजण्यातूनही तगून राहणाऱ्या जिवाणूंची करणी असते; असा पाव शेकून वगैरे न खाता टाकून द्यावा आणि पुढच्या वेळी अर्धा किलो पिठाला एक चहाचा चमचा व्हिनेगर घालावे, आम्लतेत ते जिवाणू वाढत नाहीत.

आणि पाव नुसताच शिळा, कोरडा झाला असेल, तर मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, भरपूर कांदा, हिरवी मिरची, मूठभर दाणे. त्यावर पावाचा हाताने केलेला चुरा, पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून एक वाफ. वरून लिंबू व कोथिंबीर. माझ्या तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंतचे सारे पाव याच मार्गाने गेले, आणि घरात कोणाची तक्रार नव्हती. पाचवा पाव फुगला तेव्हा मुलीने विचारले, आता फोडणीचा पाव कधी होणार?